त्या वर्षीचे एकोणचाळीस चित्रपट

गुरुवार, दुपारी दोनचा खेळ. तिकिटं दोन, प्रत्येकी चार डॉलर, एकूण आठ. हजर: मी आणि आई.

माझ्या चित्रपटांच्या वहीतली ही पहिली नोंद. वही लांबट, निळ्या पुठ्ठ्याची, बाबांनी कधीतरी ऑफिसातून आणलेली. रकाने आधीच आखलेले होते, मी फक्त त्यांना मथळे दिले: क्रमांक, तारीख, थिएटर, भाषा, तिकीट, कोणाबरोबर, दहापैकी गुण, आणि शेवटचा जरा रुंद रकाना शेऱ्यासाठी. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. त्या वर्षी दिवाळीपर्यंत एकोणचाळीस चित्रपट पाहिले, त्यांतले एकतीस आईबरोबर आणि आठ शाळेतल्या वेई मिंगबरोबर. चित्रपटांची नावं इथे देत नाही. वहीत चिकटवलेल्या तिकिटांवर ती आहेत, पण मी आणि आई त्यांना नावाने ओळखतच नव्हतो. पोस्टरवर ठसठशीत चिनी अक्षरं असत आणि खाली इंग्रजीत भलतंच काही लिहिलेलं असे. आम्ही क्रमांकानेच बोलायचो. भाजी निवडता निवडता आई विचारायची, "श्री, तो सातवा बरा होता की बारावा?"

माझी मुलगी ईशा आज हेच सगळं फोनवर करते. वर्षभरात पाहिलेले चित्रपट, त्यांना तारे, वर्षाखेरीस आवडत्या दहांची यादी, आणि ती यादी तिचे मित्र वाचतात. मी तिला माझी वही दाखवली तेव्हा तिने पहिलं पान उलटलं आणि विचारलं, "पपा, व्हाय गॉट कॉलम फॉर हू यू वेंट विथ? हू केअर्स, लाह." मी म्हटलं, ज्यांना केअर होती असे लोक होते. ती हसली. तिला पुढचं माहीत नाही. घरात कोणालाच माहीत नाही, आईला सोडून, आणि ती बोलत नाही. म्हणून लिहितो आहे.

तोआ पायोह या वस्तीतला आमचा फ्लॅट सातव्या मजल्यावर होता. बाबा एका शिपिंग कंपनीत हिशेबनीस होते. ते ऑफिसात खुर्चीवरच गेले, सकाळी अकराच्या सुमारास, समोर चहाचा कप असताना. घराचं कर्ज विम्यातून फिटलं. एवढी एक गोष्ट सोडली तर पुढचं काहीच नीट लागलेलं नव्हतं. आईने जवळच्या बालवाडीत मदतनिसाची नोकरी धरली. सकाळी सात ते दुपारी एक. तिच्या पगारात घर चालत नसे. दर महिन्याची तूट अण्णाकाका भरत. अण्णाकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. ते बँकेत होते, त्याच शहरात सेरंगूनला राहायचे. बाबांचं सगळं त्यांनी केलं होतं, दवाखान्याच्या कागदांपासून तेराव्यापर्यंत, आणि त्याबद्दल आजही मी त्यांना कमी लेखणार नाही. आम्ही इथेच राहायचं की साताऱ्याला आजीकडे परत जायचं, हे वर्षश्राद्धापर्यंत ठरणार होतं. ठरवणार होते अण्णाकाका. आईला इथेच राहायचं होतं. ती तसं मोठ्याने म्हणत नसे, पण बालवाडीतून येताना ती मँडरिनचे दोन-दोन शब्द शिकून यायची आणि ताटावर बसल्यावर मला म्हणून दाखवायची. साताऱ्याला जाणारी बाई ते कशाला करेल.

त्या घराचे आवाज मला अजून नेमके आठवतात. शेजारच्या लिम आजींकडे दुपारी माजाँगच्या सोंगट्या खळखळायच्या. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबत नसे, ती सहाव्यावर आणि नवव्यावर थांबायची, त्यामुळे कोणीतरी आलं की आधी जिन्यातली पावलं ऐकू येत आणि मग दार. बाबांची पावलं मी ओळखायचो. ती येत नाहीत हे कळलेलं असूनही संध्याकाळी सहा वाजता आई आणि मी दोघंही गप्प व्हायचो. स्वयंपाक वर्षभर साधा. कढईत तेल तापवायचं नाही, गोडधोड नाही, सण नाही. वरण, भात, एक भाजी. आई दुपारी एकला घरी येऊन बाबांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून जेवायची. खुर्ची हलवायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी काकू यायच्या, अण्णाकाकांची बायको. त्या यायच्या, बसायच्या, आईकडे पाहून उसासा टाकायच्या आणि जाताना फ्रिज उघडून बघायच्या. वाईट हेतूने नव्हे. काही कमी आहे का हे बघायला. पण फ्रिज आमचा होता.

बाबा गेल्यानंतर बाविसाव्या दिवशी मी शाळेतून आलो तर आई इमारतीच्या खाली लिफ्टपाशी उभी. हातात छत्री आणि पर्स.

"दप्तर वर टाकून ये. आपण जाऊन येऊ."

"कुठे?"

"जिथे गार आहे आणि ओळखीचं कोणी नाही."

आमच्या वस्तीतलं थिएटर दहा मिनिटांवर होतं. तिथे बहुतेक चिनी चित्रपट लागत. हिंदी चित्रपटाला गेलो असतो तर आमच्या ओळखीची निम्मी कुटुंबं भेटली असती. इथे दुपारी दोनला सात म्हातारे, शाळा बुडवलेली दोन मुलं आणि आम्ही. संवाद मँडरिनमध्ये, खाली दोन ओळी, वर चिनी आणि त्याखाली बारीक इंग्रजी. पडद्यावर कोणी पांढरा शर्ट घालून आलं की इंग्रजी ओळ दिसेनाशी व्हायची. आईला इंग्रजी वाचता यायचं, पण ओळ संपेपर्यंत पडद्यावरची माणसं पुढे गेलेली असत. म्हणून मी तिच्या कानाशी मराठीत सांगायला लागलो. पहिला चित्रपट हवालदार आणि त्याचा चोर भाऊ यांचा होता. मला शब्द सापडत नव्हते. मी म्हटलं, "हा त्याचा सख्खा नाही, मानलेला भाऊ आहे."

आई म्हणाली, "मानलेलाच आहे ना? मग एवढं रक्त कशाला सांडतोय त्याच्यासाठी?"

पुढचे एक आजोबा मागे वळले. "एय, टॉकिंग, टॉकिंग." आईने पर्समधून शेंगदाण्यांची पुडी काढून त्यांच्या हातावर मूठभर ठेवले. त्यांनी ते घेतले आणि पुन्हा कधी वळले नाहीत. पुढच्या गुरुवारी ते स्वतःच आमच्या पुढच्या रांगेत येऊन बसले.

चित्रपट सुटला की आम्ही हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या दुकानांत जायचो. तिथे शाकाहारी बी हून, म्हणजे तांदळाच्या शेवया मिळायच्या, वर सोयाबीनचे तुकडे, थेट मांसासारखे दिसणारे. आई पहिल्या वेळी चॉपस्टिक्सनी तुकडा उचलून उजेडाकडे धरून पाहत होती. "श्री, हे नक्की त्यातलं नाही ना?" मी म्हटलं सोयाबीन आहे. दुकानातली बाई आम्हाला ओळखू लागली. आम्ही दिसलो की लांबूनच ओरडायची, "नो एग, नो ओनियन, यू टू पीपल ऑलवेज नो, नो, नो." आई त्यावर मान हलवून "नो, नो" म्हणायची. एका ताटलीत दोघं खायचो. घरी येऊन आई रोजच्यासारखं वरण-भात लावायची, पण तिचं जेवण आधीच झालेलं असायचं. गुरुवारी ती त्या खुर्चीसमोर बसायची नाही.

माझा एक आवडता चित्रपट असा सांगता येणार नाही, कारण ते वर्षच मला एका लांबलचक चित्रपटासारखं आठवतं. तरी गुण दिलेले आहेत, आणि ते मी बदलणार नाही. क्रमांक सात, गुण आठ. नूडल्सच्या दुकानात एक भूत नोकरीला लागतं, आणि मालकाला ते भूत आहे हे ठाऊक असूनही पगार द्यावा लागत नाही म्हणून तो गप्प बसतो. भूत प्रत्येक गिऱ्हाइकाला जरुरीपेक्षा जास्त वाढतं आणि दुकान बुडायला येतं. बाबा गेल्यापासून आई पहिल्यांदा तिथे हसली. आधी नाकातून, मग तोंडाला पदर लावून, मग पदर न लावता. चार वेळा. मी शेऱ्याच्या रकान्यात तेच लिहिलं: आई चार वेळा हसली. क्रमांक बारा तमिळ होता, खाली ओळी नव्हत्या. दोघांनाही काही कळलं नाही आणि आम्ही आठवडाभर कथेवरून भांडलो. आईचं म्हणणं की तो जमीनदार मुलीचा बाप आहे. माझं म्हणणं की मामा. लिम आजींच्या वरच्या मजल्यावरच्या तमिळ बाईंना विचारलं तेव्हा कळलं की तो शिक्षक होता. क्रमांक एकोणीस इंग्रजी, विमानांचा. आई झोपली. गुण चार. आणि क्रमांक सव्वीस, वहीत दहापैकी दहा मिळालेला एकमेव. एका बेटावर म्हातारा न्हावी आणि त्याची बायको. बेटावरचे लोक शहरात निघून गेले आहेत, दाढी करायला कोणी उरलेलं नाही, तरी बायको रोज सकाळी टॉवेल उन्हात वाळत घालते. शेवटी ती एकटीच उरते आणि तरीही टॉवेल घालते. मी त्या दिवशी भाषांतर मध्येच थांबवलं. गरज नव्हती. शेरा: आई रडली, दिवे लागल्यावरही बसून होतो.

आज घरबसल्या हवा तो चित्रपट मिळतो. मी वन-नॉर्थमधल्या ऑफिसातून घरी येतो तेव्हा आई तिच्या खोलीत टॅबलेटवर कोरियन मालिका बघत असते. अक्षरं मोठी करून घेतली आहेत, ओळी स्वतःच वाचते. मी दारात उभा राहिलो तर विचारते, "काही हवंय का?" मला काही नको असतं. तिला आता माझ्याकडून काही सांगून घ्यायची गरज नाही, एवढंच. ईशा तिला थिएटरला चल म्हणून किती वेळा म्हणाली. आजीचे पाय दुखतात. तीच आजी रोज सकाळी चाळीस मिनिटं इमारतींना फेऱ्या मारते.

आम्हा पंधरा-सोळा मराठी कुटुंबांचा तेव्हा एक गट होता. नोंदणी वगैरे काही नव्हती. गणपतीत एकत्र आरती, अधूनमधून पोळ्यांचं जेवण, आणि दिवाळीला हाताने लिहून झेरॉक्स काढलेला अंक. चाळीस प्रती निघत, काही भारतात आजी-आजोबांकडे पोस्टाने जात. अंकाचं काम प्रधानकाकू बघायच्या. त्यांना मुलांनी मराठीत लिहावं अशी फार तळमळ होती, कारण मुलं लिहीत नसत. नवरात्रात त्यांचा फोन आला. "श्री, तुमच्याकडे यंदा दिवाळी नाही, ठाऊक आहे मला. पण लिहायला काय हरकत आहे? काहीही लिही. तुझ्या आवडीचं."

मी लिहिलं, "या वर्षातले माझे आवडते दहा चित्रपट". दोन पानं. प्रत्येक चित्रपटाची गोष्ट तीन-चार ओळींत, आणि शेवटी वहीतल्यासारखा तक्ता, आठही रकाने भरलेले. दहांपैकी सहा आईबरोबर पाहिलेले होते. "कोणाबरोबर" या रकान्यात सहा ठिकाणी "आई" लिहिलं, चार ठिकाणी "वेई मिंग". शेरे जसेच्या तसे.

आईने मला कधीही सांगितलं नव्हतं की कोणाला सांगू नकोस. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला हेच ऐकवलं: तिने सांगितलं नव्हतं, मला काय माहीत. हे खोटं आहे. मंगळवारी काकू आल्या की आई थिएटरचं नावही काढत नसे. तिकिटांचे तुकडे मी वहीत चिकटवायचो आणि वही माझ्या कपाटात शर्टांखाली असायची, टेबलावर नव्हे. मला माहीत होतं. तक्ता उतरवताना त्या रकान्यापाशी मी थांबलोही होतो. रकाना कोरा ठेवता येत नव्हता, त्यात खोटं लिहिता येत नव्हतं, आणि रकानाच काढून टाकावा हे माझ्या डोक्यात आलं नाही. बाबांनी मला शिकवलं होतं की आखलेला रकाना भरायचा. शिवाय मला तो तक्ता पूर्ण दिसायला हवा होता. दिसला. प्रधानकाकूंनी माझ्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या होत्या, म्हणजे त्यांनी ओळ न ओळ वाचलं होतं. त्यांनी फोन केला आणि म्हणाल्या, "किती नेमकं लिहितोस रे." काकूंची आणि त्यांची महिन्याची भिशी एकच होती. प्रधानकाकूंनी तो रकाना का ठेवला, याचं उत्तर मला मिळालेलं नाही आणि आता मिळणारही नाही.

ज्या घरात वर्ष चालू असतं त्या घरी दिवाळीचा फराळ करत नाहीत, दुसऱ्यांकडून येतो. काकूंनी मोठा डबा पाठवला. चकल्या, चिवडा, बेसनाचे लाडू, आणि वर अंक. आईने अंक हातात घेतला, माझं नाव शोधलं, उभ्यानेच वाचलं. वाचून झाल्यावर तिने तो मिटला आणि डब्यातल्या चकल्या ताटात काढायला लागली. "अक्षर छान आलंय झेरॉक्सवरसुद्धा," म्हणाली. मी चकली खाल्ली.

भाऊबीजेला दुपारी चारला अण्णाकाका आणि काकू आले. काकांच्या हातात अंक होता, माझ्या पानात बोट घातलेलं.

"श्री, तुझा लेख वाचला."

"हो, काका."

"अक्षर चांगलं आहे. बापावर गेलंय." ते बाबांच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत बाबांनंतर बसलेलं पहिलं माणूस. "हे 'कोणाबरोबर' म्हणून लिहिलंयस. आई म्हणजे आपली सुलभाच ना? की त्या वेई मिंगची आई?"

"अहो, असं काय विचारता," काकू म्हणाल्या.

"लिहिलंय, मी वाचलं, म्हणून विचारलं."

आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "मीच, अण्णा."

काकांनी चष्मा लावला. "क्रमांक सात. शेरा: आई चार वेळा हसली." त्यांनी वर पाहिलं. "चार. मोजलंस?"

"हो."

"तारीखही दिली आहेस. बरं केलंस. मी घरी मोजून पाहिलं. सत्तावन्नावा दिवस. माझा भाऊ जाऊन दोन महिने झाले नव्हते."

क्रमांक सव्वीसही त्याच पानावर होता, चार ओळी खाली. तो शेरा त्यांनी वाचून दाखवला नाही.

आई म्हणाली, "अण्णा, मी एकला घरी येते. तुम्ही बसलात ना, त्या खुर्चीसमोर बसून जेवते. पुढे सहा वाजेपर्यंत मी काय करायचं ते तुम्ही सांगा, मी करते."

"पोथी वाचावी," काकू म्हणाल्या. "मी नाही का वाचत दुपारची?"

"तुमच्याकडे संध्याकाळी अण्णा घरी येतात, वहिनी."

काकांनी अंक मांडीवर ठेवला. आवाज चढवला नाही. त्यांनी आयुष्यात आवाज चढवलेला मी ऐकला नाही. "सुलभा, मला काही वाटत नाही. मी बँकेत चार धर्मांच्या लोकांबरोबर जेवतो. पण हा अंक साताऱ्याला गेलाय. दरवर्षी जातो, आमची आई चष्मा पुसून श्रीचं नाव शोधते. ती वाचणार. मग मला विचारणार की याच्यासाठी त्यांना तिकडे ठेवायचं म्हणतोस का. मी काय सांगू?" मग माझ्याकडे वळून, "हे दहा झाले. एकूण किती?"

मी उठलो, आत गेलो आणि शर्टांखालून वही काढून आणली. वही आण असं मला कोणी म्हटलं नव्हतं.

"एकूण एकोणचाळीस. आईबरोबर एकतीस."

काकांनी वहीची दोन-तीन पानं उलटली. मग सौम्यपणे म्हणाले, "तू मुलगा आहेस. या वयात हौस असणारच. तूच मागे लागला असशील तिच्या, आणि बाप नाही म्हणून तिला नाही म्हणवलं नसेल. असंच ना?"

त्या प्रश्नाचा अर्थ मला समजायला पंधरा वर्षं लागली. काकांना साताऱ्याला सांगण्यासाठी एक वाक्य हवं होतं, आणि ते त्यांनी माझ्या तोंडात तयार करून घातलं होतं. मी नुसतं हो म्हणायचं होतं. आजीने नातवाला माफ केलं असतं. सोळा वर्षांच्या मुलाने विधवा आईला ओढत सिनेमाला नेलं, यात कोणाचं काही बिघडलं नसतं. पण मला आकडा विचारला गेला आहे असं वाटलं.

"एकवीस वेळा आई म्हणाली," मी सांगितलं. "दहा वेळा मी."

शेजारी सोंगट्या खळखळल्या. काकूंनी आईकडे पाहिलं नाही.

"बावीस," आई म्हणाली. "सव्वीस नंबरच्या वेळीही मीच म्हटलं होतं."

नंतर मी वही तपासली. मी वार, तारीख, सगळं लिहायचो, आणि जाऊया असं कोण म्हणालं ते समासात एका अक्षराने लिहायचो. क्रमांक सव्वीसपुढे माझं अक्षर होतं. एकवीसच बरोबर होते. आईने माझ्या दहांतला एक स्वतःकडे घेतला, तेवढ्याने काही फरक पडणार नाही हे ठाऊक असूनही. किंवा पडणार नाही म्हणूनच. तिला मी ते कधी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी काका एकटेच आले. साताऱ्याला बोलणं झालं होतं. आम्ही इथेच राहायचं ठरलं. अटी काकांनी बोटांवर मोजल्या. आईचं थिएटर बंद. गुरुवारी दुपारी काकू येतील, दोघी मिळून पोथी वाचतील. आणि वर्षश्राद्धाला पुण्याचे गुरुजी येतील तेव्हा त्यांच्या हातात प्रायश्चित्त म्हणून दान द्यायचं. "किती द्यायचं ते मी ठरवलेलं नाही," काका म्हणाले. "मनाने ठरवलं तर कमी-जास्त होतं. जेवढं तिकिटांत गेलं तेवढं. सुलभाच्याच तिकिटांत. श्री, तुझी धरू नकोस."

आई म्हणाली, "ठीक आहे."

"मी देतो म्हणालो असतो, पण मग त्याला अर्थ राहत नाही."

"नाही राहत," आई म्हणाली. "माझ्या पगारातून देईन."

काकांनी मला वही आणायला सांगितलं. या वेळी सांगितलं. एकतीस तिकिटांतली एकोणतीस चार डॉलरची होती. दोन शहरातल्या मोठ्या थिएटरची, पाच डॉलरची. मी कागदावर मांडलं, रकाना एकदा वरून खाली बेरजेला धरला आणि एकदा खालून वर, बाबांनी शिकवलं होतं तसं. दोन्ही वेळा एकच आलं. कागद मी काकांना दिला, त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हिशेबाला पक्का आहेस." मला बरं वाटलं. हे लिहायला मला सगळ्यात जास्त त्रास होतो आहे. मला बरं वाटलं होतं.

त्यानंतर गुरुवारी काकू यायला लागल्या. दुपारी दोनला बेल वाजायची. दोघी पाटावर बसायच्या, काकू वाचायच्या, आई ऐकायची. मी आत अभ्यासाला बसलो तरी तो एकसुरी आवाज ऐकू यायचा. आई अगदी ताठ बसलेली असे, चेहऱ्यावर काही नाही. वहीत दिवाळीनंतर एकही नोंद नाही. वेई मिंगने शनिवारी दोनदा बोलावलं. मी अभ्यास आहे म्हणालो.

वर्षश्राद्ध अण्णाकाकांच्या सेरंगूनच्या घरी झालं. गुरुजी वयस्कर होते, प्रवासाने थकलेले, आणि त्यांना या सगळ्याची काहीच कल्पना नव्हती. नेहमीची दक्षिणा काकांनी दिली. मग आई पुढे झाली आणि तिने पाकीट ठेवून नमस्कार केला. गुरुजींनी ते उघडून पाहिलं, नोटा आणि वर सुटं. "हे आणखी कशाबद्दल, ताई? आणि सुटे सहा कशाला?"

"हिशेबाने आलेत," काका म्हणाले.

"कसला हिशेब?"

गुरुजींनी थोडं थांबून पाकीट बाजूला ठेवलं. तीन महिन्यांच्या पगारातून बाजूला काढून, रोख, एकशे सव्वीस डॉलर आईने दिले आणि गुरुजींनी घेतले. आकडा बरोबर होता. मी काढला होता.